आवाज देणाऱ्या बाई

प्रिय भाचेबुवा,

मेसेजखाली तू 'तुझा भाचा' असं लिहिलंस, त्या दिवसापासून मी क्रियापदं जपून वापरते आहे. अधूनमधून जीभ घसरते. सांभाळून घे.

इकडे सगळं ठीक. स्टुडिओतला एसी घरघरतो म्हणून रेकॉर्डिंगच्या वेळी बंद ठेवतात. मग आम्ही घामाघूम होऊन राण्यांचे, वकीलबाईंचे आणि कार्टूनमधल्या खारीचे संवाद म्हणतो. सध्या खारीचंच काम जास्त. वय झालं की नायिका हातच्या सुटतात.

मधल्या वेळात एक पुस्तक वाचून काढलं. जिच्या सगळ्या चित्रपटांना मी आवाज दिला, त्या नटीचं आत्मचरित्र. आता तो नट आहे आणि पुस्तकही पुरुष म्हणूनच लिहिलंय. त्याचा मूळचा आवाज जाड. नायिकेला शोभत नाही, म्हणून निर्मात्याने मला बोलावलं. ओठ त्याचे, आवाज माझा. लोकांनी डोक्यावर घेतलं. पोस्टरवरच्या त्या बाईकडे तो म्हणे शेजारणीकडे बघावं तसं बघायचा. ओळख होती, घरोबा नव्हता. सह्यांसाठी गर्दी झाली की त्याला वाटायचं, ही माणसं चुकीच्या दारात उभी आहेत. खरं सांगू, मी शोधत होते माझं नाव. अख्ख्या पुस्तकात माझ्यावर एकच वाक्य: 'आवाज देणाऱ्या बाई चांगल्या होत्या.' जरा लागलं. नाही म्हणत नाही.

आम्ही एकदाच भेटलो. काचेपलीकडे बसून त्याने माझं काम पाहिलं आणि नंतर विचारलं, "तुमचा घसा बसला तर काय करता?" मी म्हटलं, "गप्प बसते." तो म्हणाला, "मीपण." तेव्हा मी हसले होते.

एक प्रकरण मात्र दोनदा वाचलं. हार्मोनचे उपचार सुरू झाले आणि त्याचा आवाज फुटला. चाळिशीतला माणूस, आणि शब्दाच्या मध्येच शाळकरी पोरासारखा चिरकायचा. फोन वाजला की नुसता बघत बसायचा. आईला वाटलं, याच्या डोक्यात हवा गेली. उपचारांचं तिला माहीत होतं, आवाजाचं नव्हतं. शेवटी एकदा त्याने फोन उचलला. "कोण बोलतंय?" "मीच." आई म्हणाली, "सर्दी झालीय वाटतं. वाफ घे."

परवा तुझी आई माझ्याकडे येऊन रडली. तू तिचा फोन उचलत नाहीस, माझाही नाही; नुसते मेसेज टाकतोस. "माझ्यावर रागावलीये," म्हणाली. मी म्हटलं, "रागावलाय." ती डोळे पुसत म्हणाली, "बरं, रागावलाय. पण का?" तू रागावलेला नाहीस, हे मला ते प्रकरण वाचल्यावर कळलं. तिला मी काही बोलले नाही. ते तुझं तू सांग. रविवारी ती माझ्याकडे जेवायला येते आहे. दुपारी आम्ही फोन लावू. उचल. जो आवाज निघेल तो निघू दे. माझा जन्म आवाजांत गेला. चिरका आवाज ऐकून कुणी मेलेलं मी पाहिलेलं नाही.

तुझीच,
मावशी