सहायक पात्रांना न्याय

४ फेब्रुवारी, मंगळवार

आजपासून रोजनिशी. दुसऱ्या कुणी वाचायची नाही. पण एवढं मोठं काम हातून होणार आहे तर कुठेतरी नोंद हवी.

नवा पिक्चर एडिटला आला. शूट झालेलं सगळं जोडलं तर तीन तासांच्या वर जातं. निर्मात्याला सव्वादोन तास हवेत. म्हणजे पाऊण तासाहून जास्त कुणाच्या तरी अंगावरून सोलायचाय. तो नेहमी कुणाच्या अंगावरून सोलतात? हीरोची मावशी, शेजारी, हवालदार, मोठा भाऊ. पोस्टरवर ज्यांना जागा नाही त्यांच्या. वीस वर्षं कात्री चालवतोय, वीस वर्षं हेच बघतोय. या वेळी नाही म्हणजे नाही.

संकल्प केला. या पिक्चरमध्ये प्रत्येक सहायक पात्राला न्याय. मग निर्माता येवो नाहीतर त्याचा बाप.

भिंतीवर रंगीत कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. एका पात्राला एक रंग, पडद्यावर जितका वेळ तितकी लांब पट्टी. हीरोची लाल पट्टी भिंत संपली तरी संपेना, मग उरलेली दारावर लावली. मावशीची हिरवी माझ्या वितीएवढी. ही काय वाटणी झाली? बघून रक्त खवळलं. चहा मागवला.

मोठ्या भावाची निळी पट्टी बरी आहे. ते काम माझ्या मेव्हण्याने केलंय. मी लावलेला नाही. ऑडिशन देऊन मिळवलं. मी इथे एडिटर आहे हे त्याने कुणाला सांगितलंसुद्धा नाही म्हणे. कशाला सांगेल? मी कोण!

६ फेब्रुवारी

घरी भुणभुण सुरू. ही म्हणाली, अहो, धाकट्याचा तो बाकावरचा सीन राहील ना? तो म्हणतो, ताई, एवढं चांगलं काम माझ्या हातून कधी झालं नाही.

धाकटा म्हणजे हाच मेव्हणा, एकोणचाळीस वर्षांचा आहे. आजवर एक पोस्टमन, दोन पेशंट आणि एका पिक्चरमध्ये गर्दी केली. आता सासऱ्यांशी बोली झाली आहे की या पिक्चरमधून पुढचं काम मिळालं तर ठीक, नाहीतर सासऱ्यांच्या ओळखीतल्या गोदामात मॅनेजरची नोकरी धरायची आणि नाटकं बंद. एका नावाजलेल्या दिग्दर्शक बाईंनी त्या सीनबद्दल सेटवरच्या कुणाकडून तरी ऐकलंय. पहिल्या शोला येऊन बघणार आहेत. त्यांच्या पुढच्या पिक्चरमध्ये याच्या वयाचा माणूस हवाय. म्हणजे सगळं घोडं त्या सीनवर अडलंय.

मी स्पष्ट सांगितलं, माझ्या टेबलावर नाती चालत नाहीत. ही म्हणाली, मी नात्याचं म्हणतच नाहीये, सीनचं म्हणतेय. बायकांना यातला फरक कळत नाही.

सासरे अजूनही माझी ओळख करून देताना ‘हे आमचे जावई, पिक्चर चिकटवतात’ असं म्हणतात. धाकटा मात्र ‘आमचा कलाकार’. त्या कलाकाराने जन्मात जेवढे संवाद म्हटले असतील तेवढे मी दुपारच्या चहाआधी कापतो. असो. माझ्या मनात काही नाही.

९ फेब्रुवारी

बाकाचा सीन पाहिला.

हॉस्पिटलच्या बाहेर बाक. आई आत आहे. हीरो कित्येक वर्षांनी घरी आलाय, मोठा भाऊ एवढी वर्षं दुकान आणि आई दोन्ही सांभाळत तिथेच राहिलेला. भाऊ म्हणतो, तू गेलास ते बरं केलंस. मग बुटाची नाडी बांधायला खाली वाकतो आणि वर येतच नाही. नाडी बांधतो, सोडतो, पुन्हा बांधतो. हीरो नुसता उभा. बस्स, एवढंच.

आता मला सांगा, नटाने तोंड लपवायचं असतं का? अख्खा सीन पाठ बघायची? दिग्दर्शकाने कट म्हणायला हवं होतं, तोही बसला बघत. याला म्हणतात हौशीपणा. चुका शोधायला तीन वेळा पाहिला. चौथ्या वेळेला डोळ्यांत पाणी आलं. एसीचा झोत थेट माझ्या तोंडावर येतो, ऑफिसला किती वेळा सांगितलंय, पण ऐकतो कोण.

तूर्त ठेवलाय. न्याय म्हणजे सगळ्यांना न्याय, त्यात मेव्हणाही आला. मात्र बारीक लक्ष ठेवायला हवं. उद्या कुणी म्हणायला नको की घरचा म्हणून ठेवला.

१३ फेब्रुवारी, सकाळी ११

हीरोचा मॅनेजर येऊन गेला. भिंतीवरच्या पट्ट्या बघितल्या आणि म्हणाला, आमची पट्टी थोडी वाढेल का? मी सरळ सुनावलं, या खोलीत पिक्चरचं हित चालतं, कुणाचा रुबाब नाही. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. म्हणाला, साहेब स्वतः येतील संध्याकाळी. येऊ दे की! मला हरभऱ्याच्या झाडावर चढवणारे खूप भेटले. मी चढत नाही.

संध्याकाळी ७

हीरो आला होता. खांद्यावर हात टाकला. मला मास्टर म्हणाला! वीस वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं. माणूस मुळात फार साधा आहे, लोक उगाच नावं ठेवतात. त्याचं म्हणणं एवढंच की शेजारी बोलत असतो तेव्हा प्रेक्षकांना खरं तर हीरोला काय वाटतंय ते बघायचं असतं. विचार केला तर बरोबर आहे. त्याचे क्लोजअप टाकले. शेजाऱ्याचा आता नुसता आवाज येतो.

शेजारी तसाही कथेला जडच होता. पिवळी पट्टी काढून टाकली. भिंत मोकळी दिसते, छान.

१८ फेब्रुवारी

मावशीचा फोन. या नटीला इंडस्ट्रीत सगळे मावशीच म्हणतात, आयुष्यभर तेच करत आली. म्हणाली, अरे, माझे संवाद गेले तर जाऊ देत, पण हीरो आपलं दुःख सांगतो तेव्हा मी त्याचं ऐकत बसलेय, तो माझा शॉट ठेव बाबा. बोलणाऱ्याला सगळे ठेवतात, ऐकणाऱ्याला कुणी ठेवत नाही.

वाक्य आवडलं. कुठेतरी भाषणात वापरेन. शब्द दिला की मावशी, तुमच्या शॉटला मी असेपर्यंत धक्का लागणार नाही.

१९ फेब्रुवारी

निर्माता बसून होता दिवसभर. मावशीचा शॉट गेला. माझा नाइलाज होता, त्याने सरळ विचारलं, ही बाई नुसती बघत काय बसलीये? मी म्हणालो, ती ऐकतेय. तो म्हणाला, त्याचे पैसे प्रेक्षक देणार आहेत का? कात्री चालवली. पण पूर्ण नाही गेली. हीरोच्या क्लोजअपमध्ये कडेला तिचा खांदा दिसतो. नीट पाहिलं तर खांदा ऐकतोय असं वाटतं.

हवालदारही गेला. त्याचं दुःख नाही, त्याला मिशी लावली होती ती सुटत होती.

संकल्प बदललेला नाही, फक्त आता तो मोजक्या पात्रांपुरता ठेवणार आहे.

२१ फेब्रुवारी

साउंडवाला आला आणि घात झाला. त्याने म्हणे बाकाच्या सीनला संगीत टाकायचंच नाही असं ठरवलंय. नाडी ओढल्याचा आवाज आणि श्वास, एवढंच ठेवणार. वर हसून म्हणाला, तुमचा मेव्हणा ना तो? कमाल केलीय हो.

तुमचा मेव्हणा! म्हणजे कळलंय सगळ्यांना! मी इतके दिवस समजत होतो की कुणाला पत्ता नाही. आता जोडा. शेजारी गेला, मावशी गेली, हवालदार गेला, आणि एडिटरचा मेव्हणा तेवढा तसाच्या तसा राहिला. लोक काय म्हणतील? कँटीनमध्ये आज दोघे मला बघून गप्प झाले. एक जण तर हसला. (नंतर कळलं की माझ्या शर्टाला लाल पट्टीचा तुकडा चिकटला होता. पण हसायची पद्धत वेगळी होती.)

वीस वर्षांची इभ्रत एका नाडीपायी घालवू? दुपारचं जेवण गेलं नाही.

२२ फेब्रुवारी

काढला.

हीरो हॉस्पिटलच्या पायऱ्या चढतो आणि थेट आईच्या खोलीत. मध्ये बाक नाही, भाऊ नाही. कट इतका बेमालूम बसलाय की तिथे कधी काही होतं हे कुणाला सांगूनही पटणार नाही. भावाचं आता उरलंय ते एवढंच: दुकानाचं शटर वर करताना पाठमोरा, आणि जेवताना पाण्याचा जग पुढे करणारा हात.

घरच्या नात्यावर कात्री चालवायला छाती लागते. निःपक्षपाती माणसाला कुणी हार घालत नाही, त्याची मला सवय आहे.

घरी सांगितलं नाही. हिने विचारलं, आहे ना हो सीन? मी म्हणालो, सगळं वरच्या लोकांच्या हातात असतं. ही म्हणाली, तुमच्याही हातात थोडं असतंच की. मी पेपर उघडला.

२५ फेब्रुवारी

दिग्दर्शकाने पूर्ण पिक्चर पाहिला. पाहिला म्हणजे काय, अर्धा वेळ फोनवर निर्मात्याशी भांडत होता. शेजारी परत हवा, मावशीचा शॉट परत हवा, सहायक पात्रं मारून टाकलीत म्हणून घसा कोरडा केला. बाकाचा सीन यायच्या जागी तो फोन घेऊन बाहेर होता. जाताना मला म्हणाला, तुझ्यावर भरवसा आहे. बाकी एक शब्द नाही. मेव्हणा कापलेला याच्या लक्षात तरी आलाय का? मला वाटलं होतं निदान पाठ थोपटेल.

१४ मार्च, शुक्रवार, पहिला शो

ही नवी साडी नेसली होती. सासरे काठी टेकत आले, पहिल्या मजल्यापर्यंत चढले. धाकट्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता, तो सारखा दारात जाऊन दिग्दर्शक बाई आल्या का बघत होता. त्या आल्या. मागच्या रांगेत बसल्या.

पिक्चर सुरू झाला. शटर वर गेलं. सासऱ्यांनी मोठ्याने विचारलं, हा आपला का? कुणीतरी त्यांना गप्प केलं. मग जग पुढे आला. मग हीरो पायऱ्या चढला आणि थेट खोलीत गेला. माझ्या शेजारी हिचा हात खुर्चीच्या दांड्यावर होता, तो तिने काढून घेतला. मी पडद्याकडेच बघत होतो. कट खरंच बेमालूम आहे.

मध्यंतरानंतर दिग्दर्शक बाईंची खुर्ची रिकामी होती.

शो संपल्यावर बाहेर दिग्दर्शकाने मला गाठलं. ही शेजारीच उभी. म्हणाला, अरे, बाकाचा सीन कुठे गेला? पिक्चरमधलं सगळ्यात चांगलं काम होतं ते. मी बाकी सगळ्यांसाठी भांडत राहिलो, त्याच्यासाठी एक शब्द बोललो नाही. म्हटलं, तो याच्या घरचा आहे, त्याला हा हात लावू देणारच नाही. तू काढलास म्हणजे काहीतरी टेक्निकल लोचा असणार. होता ना?

मी म्हणालो, हो. फोकस गेला होता.

हिने विचारलं, अख्ख्या सीनमध्ये?

मी म्हणालो, अख्ख्या.

तेवढ्यात धाकटा आला. मला वाटलं आता पाणउतारा होणार, मनाची तयारी केली. त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाला, दाजी, तुम्ही किती भांडला असाल मला कल्पना आहे. मी बाबांनाही तेच सांगितलं, दाजींचं काही चाललं नसणार.

मी म्हणालो, खूप भांडलो रे.

ही माझ्याकडे बघत होती. मग त्याला म्हणाली, चल, बाबा दमलेत. टॅक्सीत ते तिघे बसले. चौथी जागा होती. मला कुणी बस म्हटलं नाही, मीही येतो म्हणालो नाही.

१५ मार्च

ही माहेरीच आहे. सासऱ्यांचे पाय सुजलेत म्हणून. तसंच असेल.

परीक्षण आलं. हीरोच्या संयत अभिनयाचं कौतुक आहे. एडिटिंगचा उल्लेख नाही. सहायक पात्रं लक्षात राहत नाहीत, असं एक वाक्य आहे. यांना काय कळतंय!

१७ मार्च, सोमवार

धाकट्याचा फोन. आज गोदामात पहिला दिवस, जेवणाच्या सुट्टीत केला होता. आवाज बरा होता. म्हणाला, दाजी, एक मागू का? फोकस गेलेला असला तरी चालेल, तो बाकाचा सीन माझ्यापुरता मिळेल? बाबांना एकदा दाखवायचाय. ताईनेही नाही पाहिला.

देतो म्हणालो. त्यात काय, पाच मिनिटांचं काम. कॉम्प्युटर उघडला, सीन काढला. नाडीचा एकेक दोरा मोजता येतोय इतका स्वच्छ फोकस.

परत फोन केला आणि सांगितलं की फाइल करप्ट झाली, आता ती कुठेच नाही. तो म्हणाला, जाऊ द्या दाजी, तुम्ही नका मनाला लावून घेऊ.