तळ्यातलं पानी जातं कुठं

बुधवार, कार्तिक, १९७३

दुष्काळी कामावर आमी बायांनी माती वाहून, तुडवून बांध घातला. यंदा परतीच्या पावसानं तळं भरलं, पन पानी रोज उतरतंय. मुकादमाला म्हटलं, "बाबा, तुजं तळं गळतंय."

तो दात काढून म्हनतो, "आजी, पाझर तलाव हाय. मुरायलाच बांधलाय."

गळकी घागर मुद्दाम कोन घडवतं? अन् पानी जातं कुठं?

थोरला ल्योक म्हनतो, बांधाखालची आपली विहीर कोरडीच ऱ्हायली तर बायको घेऊन ऊसतोडीला जानार. म्हनून सांजच्याला विहिरीत वाकून बघितलं. तळ काळा दिसला. सावली असंल म्हनून खडा टाकला. डुबुक! मातीखालनं पान्याला वाट दावली कुनी?

थोरला अंगनात कोयत्याला धार लावत हुता. म्हटलं, "ठेव तो. माळ्यावरची मोट काढ. उंदरांनी चामडं खाल्लं का बघ."