पायरीवरून पडली, असे मी तीनदा सांगितले

मी, देवकाबाई, कै. केशवराव कळंबे यांची पत्नी, वय ७१, राहणार बोरगाव, तहसील सौंसर, जिल्हा पांढुर्णा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत सांगून लिहून घेत आहे. डावा हात खांद्यापासून उचलत नाही, पण डोके शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. धाकाखाली मी आयुष्यात पुष्कळ गोष्टी केल्या. ही त्यातली नाही.

१. बोरगावचे राहते घर माझ्या नावावर आहे. भावांच्या वाटणीत जाऊ नये म्हणून पतीने ते माझ्या नावावर केले होते. ते घर भांड्याकुंड्यांसह मी माझी सून तृप्ती हिला देते. माझा मुलगा वीरेंद्र याचा त्यावर कसलाही हक्क राहणार नाही. कारण लिहायची गरज नाही, असे मुकुंद वकील म्हणाले. मला लिहायचे आहे.

लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी वीरेंद्रने तृप्तीचे डोके चुलीच्या ओट्यावर आपटले. परातीतल्या कणकेत रक्त पडले. मी उठले आणि बाहेरचे दार लावले, आवाज जाऊ नये म्हणून. मग कणीक गाईला घातली आणि सुनेला दवाखान्यात नेले. तिथे सांगितले, पायरीवरून पडली. पुढे तिच्या बरगड्या मोडल्या तेव्हाही तेच सांगितले. सहाव्या महिन्यात पोटावर लाथ बसून मूल गेले, तेव्हाही तेच. आमच्या घराला एकच पायरी आहे, वीतभर उंचीची.

त्या दवाखान्यात मार खाल्लेल्या बायांसाठी आणि त्यांच्या लेकरांसाठी एक खोली आहे. तिथे अनुराधाताई बसतात. त्या दर वेळी तृप्तीला एकटीला बोलवत. तृप्ती आत जायची आणि गप्प बसून परत यायची. कारण वाटेतच मी तिला सांगितलेले असायचे, "काही बोलशीन तर लेकरं तुह्यापाशी राहणार नाईत."

मागच्या वर्षी होळीच्या आधी वीरेंद्र फावड्याच्या दांड्याने तृप्तीला मारून राहिला होता. आठ वर्षांची श्रुती मध्ये पडली. दांडा तिच्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तरी दवाखान्यात म्हणाले, संत्र्याच्या झाडावरून पडली.

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडापुढे धरला. "आजी, मनगट आजचं आहे. पण ही वरची भेग जुनी आहे, जुळून आलेली. ही कधीची?"

ती दिवाळीची होती. पोर हात वर करत नव्हती. मी आंबेहळदीचा लेप लावून तिला गप्प केले होते.

अनुराधाताईंनी त्या दिवशी मलाच खोलीत नेले. माझ्या उजव्या हाताचे वाकडे बोट धरून विचारले, "आजी, हे कोणी मोडलं?"

"जात्यात सापडलं."

त्यांनी बोट सोडले नाही.

"नवऱ्यानं," मी म्हणाले. "पाट्यावर ठेवून वरवंट्यानं. माहेरी जातो म्हणलं म्हणून."

एक्कावन्न वर्षांत मला हे कोणी विचारले नव्हते. त्यानंतर मी सगळेच सांगितले. माझे, सुनेचे, नातीचे. जबाबावर सही केली.

तिसऱ्या दिवशी आम्ही अजून दवाखान्यातच होतो, तेव्हा दुपारी वीरेंद्र तोच दांडा घेऊन तिथे आला. व्हरांड्यातून तृप्तीला केसांनी ओढू लागला. चार वर्षांचा चेतन तिच्या लुगड्याला लोंबकळत फरफटत होता. मी आडवी गेले.

"बुढे, तू माही माय हायेस का तिची?"

"तिची," मी म्हणाले.

पहिला घाव खांद्यावर, दुसरा कपाळावर. तिसरा पडायच्या आत दवाखान्यातल्या आया शांताबाईने फिनाईलची बादली त्याच्या डोळ्यांत रिकामी केली. मग लोक धावले. मला बावीस टाके पडले. आज तो तुरुंगात आहे. कधीतरी सुटेल, म्हणून हा कागद.

२. लोधीखेड्याची तीन एकर संत्र्याची बाग मला माझ्या वडिलांनी दिली. ती श्रुती आणि चेतन यांना निम्मी-निम्मी. दोघे सज्ञान होईपर्यंत तृप्तीने पाहावी. चेतनला एक अट आहे. गेल्या महिन्यात ताट द्यायला उशीर झाला, तर तो बहिणीला म्हणाला, "दांडा आणू का?" आवाज हुबेहूब बापाचा. दर बुधवारी अनुराधाताई त्याला खेळवता खेळवता बोलते करतात. ते सुटू नये. मोठेपणी त्याने बाईवर हात उचलल्याचे कोर्टात सिद्ध झाले, तर त्याची निम्मी बाग श्रुतीची.

३. बागेच्या पहिल्या ओळीच्या उत्पन्नातून दर वर्षी त्या खोलीत बायांच्या आणि लेकरांच्या चपला द्याव्यात. पळून आलेली बाई अनवाणी येते. तृप्ती चारही वेळा अनवाणी होती.

४. वीरेंद्रला काही नाही. बापाचा हात पाहत तो वाढला आणि मी त्याला पाहू दिले, हा माझा दोष. पण दांडा त्याने उचलला.

५. माझ्या चितेला अग्नी श्रुतीने द्यावा. तिला नको असेल तर शांताबाईने द्यावा. वीरेंद्रला त्यासाठी सुट्टी मिळाली तरी थांबू नये.

६. माझ्या तेराव्याला कोणी म्हणू नये की सुनेने सासूला माफ केले. दवाखान्यातून घरी आल्यावर मी तिला विचारले होते, "तृप्ते, मले माफ करशीन?"

ती माझ्या खांद्याला तेल लावत होती. हात न थांबवता म्हणाली, "नाई, आई."

मी तिला दुसऱ्यांदा विचारले नाही. हे मृत्युपत्र त्या उत्तरानंतर केले आहे, आणि घर व बाग तिने बदल्यात माफ करावे म्हणून दिलेली नाहीत.

हा मजकूर मला वाचून दाखवला. मी सांगितला तसाच आहे.

सही : देवकाबाई केशवराव कळंबे

साक्षीदार :
१) शांताबाई डिगरसे, आया, सौंसर.
२) वामन घागरे, बोरगाव. आमचे शेजारी, मधली भिंत एकच. बारा वर्षे सगळे ऐकूनही साक्ष दिली नाही, म्हणून आज मी त्यांनाच बोलावले.

ठिकाण : सौंसर
दिनांक : ९ डिसेंबर २०२५