डावीकडे मोकळं आहे

प्रिय भिंगरी,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, मी ठणठणीत आहे. गुडघे कुरकुरतात, पण ते तुझ्या जन्माआधीपासून कुरकुरतायत. फोन सोडून हिला पत्र लिहायची दुर्बुद्धी का झाली, असं तुझ्या मनात येईल. तर बाई, फोनवर तुझ्या बाबांचं नाव निघालं रे निघालं की तुझ्याकडे दूध तरी उतू जातं, नाहीतर दारावर कोणीतरी येतं. "आई, मग बोलू." ते मग काही उगवत नाही. पत्र वाचताना दूध उतू गेलं तर जाऊ दे. एका बैठकीत वाच.

आधी बातमी. मी गाडी घेतली. हसू नकोस, चालवते पण मीच. तुझ्या बाबांनी अख्ख्या गावाला स्टिअरिंग धरायला शिकवलं आणि बायकोला तेवढं नाही. "बायकोवर ओरडायची सोय नाही, आणि ओरडल्याशिवाय मला शिकवता येत नाही," असं म्हणायचे. ते गेले, तू यायची थांबलीस, आणि मी साध्या दवाखान्यात जायला शेजाऱ्यांच्या तोंडाकडे बघत बसायला लागले. एक दिवस तिरमिरीत उठले आणि बाबांच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊन उभी राहिले. आता ते छोटे मास्तर चालवतात, बाबांच्याच हाताखाली तयार झालेले. मला दारात बघून ते खुर्ची सोडून उभेच राहिले. बिचाऱ्यांना माझ्यावर ओरडता येईना, त्यामुळे मला शिकायला दुप्पट वेळ लागला. पण आता येते.

गाडी फार शहाणी आहे. पट्टा लावला नाही तर ओरडते, मागे घेताना ओरडते, रेघेवर चाक गेलं तर स्टिअरिंग थरथरवते. माझ्या सासूबाईंनीसुद्धा मला इतकं टोकलं नव्हतं. दोन्ही बाजूंच्या आरशांत एकेक पिवळा दिवा आहे. बाजूच्या लेनमध्ये, आरशात दिसणार नाही अशा जागी कोणी आलं की तो पेटतो. तेव्हाच आपण त्या बाजूचा इंडिकेटर दिला तर लुकलुकतो आणि टुंगटुंग वाजतो. म्हणजे बाबांच्या चोरकप्प्यावर पहारा. आठवतं ना? "आतला आरसा बघितला, बाहेरचा बघितला, तरी गाडीला एक चोरकप्पा राहतोच. त्यात अख्खा ट्रक मावतो. मान वळवल्याशिवाय तो सापडायचा नाही." प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी हे ऐकावंच लागायचं.

आता मला वेड लागलंय असं तुला वाटणार, तरी सांगते. या गाडीत कोणीतरी आहे. पहिल्याच आठवड्यात मी बाहेरच्या मोठ्या रस्त्यावर गेले होते. मागेपुढे चिटपाखरू नाही, आणि डावीकडचा दिवा पेटला. मान वळवून बघितलं, कोणी नाही. विझला. थोडं पुढे गेले, परत पेटला. परतताना शेजारच्या सीटवर भरलेली पिशवी ठेवली होती, तर गाडी तिलाही पट्टा लावा म्हणून कोकलायला लागली. तिच्या लेखी तिथे माणूस बसला होता. मी रस्त्याच्या कडेला थांबून त्या पिशवीला खरोखरच पट्टा बांधला, आणि बांधताना मला रडू आलं.

छोट्या मास्तरांनी दिव्याचा उलगडा केला. त्या रस्त्याच्या कडेला लोखंडी कठडा आहे, कधीकधी दिवा त्यालाच गाडी समजतो. बंपरवर चिखल बसला तरी फसतो. उलट मागून कोणी फार वेगाने आलं तर पेटायला उशीर करतो. "दिवा तुमचा नोकर आहे, काकू, डोळे नाहीत. इंडिकेटर द्या, आरसे बघा, मान वळवा आणि मगच सरका. एका वेळी एकच लेन." अगदी बाबांचा सूर. घरी आल्यावर मी बराच वेळ मोरीत नळ सोडून उभी होते.

दिव्याचं कळलं, पण आवाजाचं त्यांना कसं विचारू? भिंगरे, मी डावा इंडिकेटर दिला की टिकटिक सुरू होते, आणि तिसऱ्या-चौथ्या टिकटिकीला बाबा म्हणतात, "मोकळं." स्पष्ट. शेवटचं अक्षर जरा लांबवून, ते म्हणायचे तसं. उजवा इंडिकेटर दिला तर काही नाही. रेडिओ बंद असतो, काचा वर असतात, फोन पर्समध्ये असतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी इंडिकेटरच बंद करून टाकला. मग सवय झाली म्हणण्यापेक्षा ओढ लागली म्हणू या. उगाचच डावीकडे वळायचे रस्ते धरायला लागले. पण दोन गोष्टी मला छळत होत्या. एक म्हणजे आवाज बसलेला होता, घोगरा. भुताचाही घसा बसतो का गं? आणि दुसरी म्हणजे तो माझ्या शेजारून येत नव्हता. शेजारची सीट माझ्या डाव्या हाताला, आणि आवाज यायचा समोरून, काचेच्या बाजूने. मी आणि ते यांच्यामध्ये काहीतरी असावं, असा.

तुझा आणि त्यांचा तो खेळ माझ्यासमोरच सुरू झाला. तुला गाडी लागायची. तुझं लक्ष बाहेर राहावं म्हणून त्यांनी तुला पुढे बसवून नोकरी दिली. ते विचारायचे, "डावीकडे?" तू सीटवर गुडघे टेकून भिंगरीसारखी गर्रकन फिरायचीस, मागच्या काचेतून बघायचीस आणि ओरडायचीस, "मोकळं!" तुझं नाव तिथूनच पडलं. मागच्या सीटवरून मला एक गंमत दिसायची, ती तुला कधीच दिसली नाही. तू ओरडलीस की ते हळूच मान वळवून स्वतः बघायचे. तुझा हिरमोड होऊ नये म्हणून कॉलर नीट केल्यासारखं करायचे. प्रत्येक वेळी कॉलर. मी त्यांना विचारलं होतं, एवढी काय कॉलर टोचते? तर डोळे मिचकावून म्हणाले, "तिला सांगू नको."

मग तू मोठी झालीस, स्टिअरिंग तुझ्याकडे आलं आणि ते डावीकडे बसायला लागले. आता तू विचारायचीस आणि उत्तर ते द्यायचे. आणि तुला कॉलर नीट करायची ठाऊकच नव्हती. कशी असणार? ज्या माणसाने गावाला मान वळवायला शिकवली, त्याने मोकळं म्हटल्यावर त्याच्या पोरीने परत बघायचं म्हणजे त्याचा अपमानच. बाहेरच्या पोरांवर ते यासाठी घसा फोडून ओरडायचे, आणि घरच्या गाडीत हा लाड चालायचा.

त्या दुपारबद्दल आपण दोघी कधी बोललोच नाही. मामाकडून परत येत होतो. तू चालवत होतीस, बाबा तुझ्या डावीकडे, मी मागे मांडीवर डबे घेऊन पेंगत होते. पाण्याच्या टाकीपाशी तुला डावीकडे सरकून खालच्या रस्त्याला लागायचं होतं. मला जाग आली ती ट्रकच्या आवाजाने आणि त्यांच्या बाजूची काच फुटल्याने. पुढचं लिहीत नाही, तू होतीस तिथे. नंतर चौकशीला आलेल्या साहेबांना तू म्हणालीस, "मी विचारलंच नाही. बघितलंही नाही. तशीच सरकले." मामाला तेच सांगितलंस, मला तेच. स्मशानात त्यांचे विद्यार्थी रांगेने उभे होते, पांढऱ्या केसांचे, कॉलेजातले. एकेक जण तुझ्याजवळ येऊन सांगत होता की मास्तरांमुळे आपण आजवर धडधाकट आहोत. तू खाली मान घालून सगळ्यांना हो हो म्हणत होतीस. मग लायसन्स कपाटात टाकलंस आणि इथला रस्ताच सोडलास.

गेल्या महिन्यात डोळे तपासायला गेले होते. डॉक्टरीणबाईंनी एका मशीनमध्ये हनुवटी ठेवायला लावली. समोर बघत राहायचं, कडेला कुठे ठिपका चमकला की बटण दाबायचं. माझं ठीक निघालं. सहज गप्पा मारता मारता मी म्हटलं, आमच्या ह्यांच्या ताटात शेवटी शेवटी डावीकडचं तसंच राहायचं, मी चिडायचे, आवडत नाही तर सांगा म्हणून. बाई लिहिता लिहिता थांबल्या. दाढी कशी करायचे, विचारलं. डाव्या गालावर खुंट राहायचे. तू चिडवायचीस ना, अर्ध्या किमतीत केली का म्हणून? दाराच्या चौकटीला डावा खांदा आपटायचा का? आपटायचा, आणि ते चौकटीलाच शिव्या घालायचे. मग बाईंनी सांगितलं की कधीकधी मेंदूला बारीकसा धक्का बसून जातो, कोणाला पत्ताही लागत नाही, आणि नजरेची एक बाजू गळून पडते. आता खात्री करायला माणूस नाही, पण लक्षणं तीच. मी विचारलं, मग त्या बाजूला त्यांना अंधार दिसत असेल का? बाई म्हणाल्या, "अंधार दिसला असता तर ते स्वतःच आले असते माझ्याकडे. तिथे काहीच नाही असंच वाटतं. सगळं मोकळं दिसतं."

त्यांनी नेमका तोच शब्द वापरला.

काल मी पाण्याच्या टाकीपाशी गेले. इतके दिवस तो फाटा टाळून लांबच्या रस्त्याने जात होते. टाकी दिसली. डावा इंडिकेटर दिला. आतला आरसा बघितला, बाहेरचा बघितला, दिवा विझलेला. टिकटिक, टिकटिक, आणि समोरून तो घोगरा आवाज, "मोकळं." मी मान वळवली. एक मोटारसायकलवाला, पाठीवर हे एवढं दप्तर, सुसाट माझ्या मागच्या दाराशी आला होता. दिवा नंतर पेटला. मी होते त्याच लेनमध्ये सरळ राहिले, तो निघून गेला. फाटा हुकला. पुढे एका चहाच्या टपरीपाशी गाडी लावली आणि चहा घेऊन बसले. तिथे बसल्या बसल्या आठवलं की त्या दिवशी सकाळी तू त्यांना मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या होत्यास. आदल्या दिवशी पोरांवर ओरडून त्यांचा घसा पार बसला होता. दुपारपर्यंत सगळे त्यांची थट्टा करत होते, आज मास्तरांची बॅटरी उतरली म्हणून.

भिंगरे, ते भूत नव्हतं गं. मी मागच्या सीटवर अर्धवट झोपेत ऐकलेलं ते. म्हणून आवाज समोरून येतो, म्हणून तो बसलेला आहे. आणि काल त्या टपरीपाशी त्याच्या आधीचाही एक आवाज मला ऐकू आला. तुझा. "बाबा, डावीकडे?" तू विचारलं होतंस. त्यांनी उत्तर दिलं होतं, आणि त्यांना दिसलं तेच दिलं होतं. तू त्यांचं नाव राखायला सगळं स्वतःच्या अंगावर घेतलंस आणि दोन वर्षं एकटीने ओढते आहेस. आता पुरे. मोठ्या मास्तरांचं नाव एवढ्याने पुसायचं नाही, आणि पुसलं तरी मला माझी लेक हवी आहे. हे तुला सांगायला पत्र लिहायला बसले, आणि हेही सांगायला की रविवारी सकाळी मी तुला न्यायला येते, स्वतः गाडी चालवत. नाही म्हणू नकोस, मी दारात हॉर्न वाजवत बसेन, शेजारीपाजारी गोळा होतील. मागे बसायचं नाही, पुढे बसायचं, डावीकडे. टाकीपाशी मी तुला विचारीन. तू गर्रकन फिर आणि दिसेल ते सांग. तू काहीही सांगितलंस तरी मी मान वळवून बघणार आहे, तुझ्या देखत, कॉलरला हातही न लावता.

तुझीच,
मागच्या सीटवरची, आता जागी झालेली,
आई