आठ नंबरची कुंडी

प्रिय विजया,

तुला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. अडतीस वर्षं एका घरात राहिलो, सकाळचा चहा समोरासमोर बसून प्यालो, पत्राची गरजच कुठं पडली?

आज लिहितेय, कारण उद्या रविवार. चिक्कडपल्लीला सरोजागारूंच्या घरी तुमच्या टोमॅटोवाल्या मंडळींची बैठक आहे आणि तिथं मला उभं राहून एक गोष्ट कबूल करायची आहे. ती आधी तुझ्यापाशी करते. तू गेलीस त्याला अडीच महिने झाले. तेवढ्यात मी तुझ्यावर आळ घेतला, आणि तोही परक्या बाईसमोर.

माझा स्वभाव तुला काय सांगायचा? दुधात बोट बुडवून बघणारी मी. भाजीवाल्यानं 'ताजी आहे अम्मा' म्हटलं की जुडी सोडून आतली पानं बघणारी मी. तुझ्या माहेरी आंबे गेले की इथल्या पेटीतले मोजणारीही मीच. तू कधी बोलली नाहीस. 'वन्सं, बघा बाई तुम्हीच,' म्हणायचीस आणि बाजूला व्हायचीस. ते तुझं बाजूला होणंसुद्धा मला संशयास्पद वाटायचं, आता बोल!

मग सरोजागारूंनी तुला त्या गच्चीवरच्या बागवाल्यांच्या ग्रुपात ओढलं. तेलुगूत 'मिद्दे तोटा' म्हणतात म्हणे. पावसाळ्यात उघड्यावर टोमॅटो लावायचे. करपा रोग येत नाही असं ज्यांच्याबद्दल सांगतात त्या नऊ जातींचं बी, सहा घरच्या गच्च्या, आणि खरंच कोण तगतं ते बघायचं. पाकिटावर जातीचं नाव नाही, नुसता नंबर, म्हणजे कुणी नावाला भुलायला नको. आणि एकच कडक नियम: काही म्हणजे काही फवारायचं नाही. मोरचुदाचं निळं पाणी नाही, निंबोळीचं तेलसुद्धा नाही.

मी तेव्हाच म्हटलं होतं, आठवतं? 'पावसात टोमॅटो कधी टिकलाय का? बी देणारे थापा मारतात.' तू हसलीस. 'म्हणून तर बघायचं ना, वन्सं.' पहिल्यांदाच मला वाटलं, ही माझ्यासारखंच बोलतेय. पण ते तुला म्हटलं नाही.

आषाढात पाऊस लागला. एके दुपारी तू गच्चीवरून खाली आलीस, हातात जुना प्लॅस्टिकचा मग, आत निळंशार काहीतरी. औषधासारखा उग्र वास. मी जिन्याच्या तोंडाशी उभी. तू मग पदराआड घेतलास. घेतलास ना? का मलाच तसं दिसलं? मी काही विचारलं नाही. मनात शंकेची पाल चुकचुकली आणि मी ती तशीच ठेवून दिली, लोणच्यासारखी, मुरायला.

त्यानंतर आठवड्याभरात तू ग्रुपला बोलून निरोप पाठवलास, आठ नंबर गेलं म्हणून. पुढच्या पावसात आणखी सहा गेली. ती उपटून कुंड्या टाकीमागं पालथ्या घातल्यास. ग्रुपला त्यांचं सांगायचं राहिलं ते राहिलंच. श्रावणातल्या एका सकाळी तू देवापुढं बसलीस ती उठली नाहीस. एवढं हळूच जायचं असतं का गं? मी स्वयंपाकघरातून तुला दोन हाका मारल्या. तिसरी जरा चिडूनच मारली.

तुझ्या मागं सई तुझी झाडं बघायला लागली. ऑफिसला जायच्या आधी वर जाऊन पाणी घालायची. आईचं काम अर्धं राहायला नको म्हणाली. भाद्रपदात तिनं ग्रुपला फोटो न काढता नुसतं लिहून कळवलं, 'दोन झाडं उरलीत, तीन आणि आठ. आठ एकदम हिरवं आहे, फळांचे घोस लागलेत.' पोरीला केवढा आनंद झाला होता.

दुसऱ्याच दिवशी सरोजागारू आमच्या दारात. तुझ्या फोटोला हात जोडले, चहा घेतला आणि मग खुर्ची माझ्याजवळ ओढून विचारलं, 'टीचरम्मा, विजयम्मा मंदु कोट्टेदा?'

मी गारच पडले. मला वाटलं, तू दारू प्यायचीस का असं विचारतेय ही बाई! तेलुगूत औषधाला मंदु आणि दारूलाही मंदुच म्हणतात ना. माझा चेहरा बघून त्यांच्या लक्षात आलं. त्या हैदराबादी हिंदीवर आल्या. 'बुरा नक्को मानो टीचरम्मा. विजयम्मा झाडां को दवा मारते थे क्या? आठ नंबर सब की गच्ची पे मर गया. त्यांनीच बोला था, हमारा भी गया. अब उसको फल कैसे आया?'

मेलेलं झाड उठून फळाला लागलं, म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंयच. एक तर तिथं दुसरं रोप लावलं, नाही तर चोरून औषध मारलं. मलाही तसंच वाटलं, विजया. तेच तर सांगायचंय. तुझी बाजू घ्यायच्या ऐवजी माझ्या डोळ्यांपुढं तो निळा मग आला, आणि इतक्या दिवसांची मुरलेली शंका तोंडातून बाहेर पडली.

'हौ,' मी म्हटलं. 'निळं पाणी नेताना मी बघितलंय तिला.'

'मोरचूद?'

'असेल.'

'असेल' म्हटलं मी. 'होतं' असं म्हटलं नाही. इतके दिवस त्या एका शब्दावर मी स्वतःची समजूत घालत होते. पण सरोजागारूंना 'असेल' आणि 'होतं' यातला फरक कुठला कळायला? त्यांनी मान हलवली, 'चांगली बाई होती बिचारी,' म्हणाल्या आणि गेल्या. बिचारी! चार दिवसांनी सईनं फोनवर मला दाखवलं. आपल्या गच्चीची सगळी निरीक्षणं रद्द. कारण काही लिहिलं नव्हतं, पण कारण सगळ्यांना ठाऊक होतं. सई विचारत राहिली, 'का गं आत्या, आपलं का काढलं?' मी म्हटलं, 'मला काय माहीत?' खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही.

परवा सई ऑफिसला गेल्यावर मी गच्चीवर गेले. हो, मी, या गुडघ्यांनी. प्रत्येक पायरीवर बसत बसत गेले. कशाला, विचार. तुझा तो मग आणि असलीच तर औषधाची बाटली पोरीच्या हाती लागायच्या आत टाकून द्यायला. म्हणजे बघ, तुला वाचवायला निघाले तेसुद्धा तू गुन्हेगार आहेस असं धरूनच.

मग टाकीमागं सापडला. आत वाळलेला निळा ऑइलपेंट, आणि त्यात चिकटून बसलेला ब्रश. मोरचूद नाही, बाटली नाही. पावसानं पेनचे नंबर धुऊन गेले म्हणून तू कुंड्यांवर रंगानं पुन्हा नंबर घातले होतेस. त्यालाच तो वास येत होता. पुढच्या दोन कुंड्यांवर त्याच निळ्या रंगात, तुझ्या वळणदार अक्षरात, ३ आणि ४.

मी आठ शोधत बसले. सगळ्या पालथ्या कुंड्या उलटून बघितल्या. ८ होती, रिकामी, तळाला शेवाळ धरलेली. मग हिरवं झाड कुठलं? माझ्या मनात लगेच पुढची शंका: कुंड्या कुणी बदलल्या? वॉचमन तर नसेल? स्वभावाला औषध नाही, हेच खरं.

तेवढ्यात खालून सईची हाक आली. ऑफिसातून लवकर आली होती, घरात आत्या दिसेना म्हणून धावत वर आली. मी तिला विचारलं, 'तुझं आठ नंबर कुठाय?'

तिनं हिरव्या झाडाच्या कुंडीवर बोट ठेवलं. 'हे काय.'

'हा आठ आहे?'

'मग काय आहे? एट.'

'सई, हा चार आहे.'

'चार कसा? बघ ना, वर दोन फाटे आहेत, खाली गोल आहे. एट काढताना वरचा गोल बंद करायचा राहिलाय आईचा.'

ती चेष्टा करत नव्हती. इंग्रजी शाळेत शिकलेली पोर, आणि तीनचा आकडा मराठीत आणि इंग्रजीत सारखाच दिसतो, तेव्हा तिला शंका यायचंही कारण नव्हतं. बाकीच्या पालथ्या कुंड्या तिनं कधी बघितल्याच नाहीत. तू हयात असतीस तर एका मिनिटात हसून सांगितलं असतंस.

मग ती रडायला लागली. 'आईनं एकदा म्हटलं होतं, निदान आकडे तरी शिकून घे म्हणून. मी म्हटलं, नक्को, आता कोण लिहितं?' मी तिला जवळ घेतलं. पण तिला काय म्हणून बोलू? मी इथल्या मराठी शाळेत उभा जन्म घालवला. दुसऱ्यांची पोरं बोट धरून 'चार' गिरवायला शिकली माझ्याकडून. आणि आपल्या घरातली एकुलती एक पोर, तिला मी एकदाही पाटी दिली नाही. तूच द्यायला हवी होतीस, असंही मला मधूनच वाटतं. का नाही दिलीस? तुला वाटलं असेल, घरात मास्तरीण आहे, ती बघेल. दोघी एकमेकींच्या भरवशावर राहिलो.

खाली आल्यावर झाडांच्या नोंदींची तुझी वही काढली. टीव्हीखालच्या खणात होती, कुणी लपवली नव्हती. शेवटच्या पानावर तुझं अक्षर: '३ तग धरून आहे. ४ उत्तम. पानावर डाग नाही. वन्संना आवडेल, आंबट आहे.'

अडीच महिने ती वही तिथं होती, विजया. पत्रं, पिशव्या, फडताळं सगळं उघडून बघणारी मी, ती एक वही तेवढी उघडली नाही. आता मला माझाच संशय येतो. मला खरं जाणून घ्यायचं तरी होतं का?

तर आता असं आहे. उद्याच्या बैठकीत पुढच्या वर्षी कुठल्या नंबरचं बी ठेवायचं ते ठरेल. चार नंबर बाकीच्या गच्च्यांवर जेमतेम जगलं, म्हणून ते वगळणार आहेत. आपल्याकडचं बघितलं असतं तर वगळलं नसतं. पण आपलं बघणार कोण, आपण तर लबाड ठरलो. मी ठरवलं तुला लबाड.

सई म्हणते, 'आत्या, मी ग्रुपवर लिहिते की आकडा वाचताना माझी चूक झाली, संपलं.' मी म्हटलं, नाही. तिची चूक आकड्याची होती आणि ती तिनं मनापासून काम करताना केली. माझी तशी नाही. माझ्यावर पांघरूण घालायला तू होतीस तोवर ठीक होतं, आता पोरीला त्या कामाला लावायचं नाही.

मला माहीत आहे, तू असतीस तर म्हणाली असतीस, 'जाऊ द्या हो वन्सं.' तुझं हे 'जाऊ द्या' मला कधी आवडलं नाही. एकदा तरी भांडायचं होतंस माझ्याशी. एकदा तरी म्हणायचं होतंस, 'काय संशय आहे तो तोंडावर विचारा.' अडतीस वर्षांत मी तुझं सगळं तपासलं आणि तू तपासू दिलंस.

उद्या मी ३ आणि ४ दोन्ही कुंड्या रिक्षात घालून नेणार. सगळ्यांसमोर सांगणार की विजयानं काहीही मारलं नाही, मी ते डोळ्यांनी बघितलं नव्हतं, आणि 'असेल' म्हणाले ते खोटं होतं. माझं तेलुगू मोडकं आहे, पण एवढं येईल. सरोजागारू विचारतील, 'मग टीचरम्मा, तुम्ही असं म्हणालात तरी का?' त्याचंही खरं उत्तर देईन, तुला वचन आहे. सांगेन की मी तिच्याबरोबर अडतीस वर्षं राहिले, आणि तिला कधी काही विचारलंच नाही.

तुझी,
वन्सं