उत्तरेच्या भिंतीतले दगड

बाई, आज इथे कतारमध्ये, अल वक्र्याच्या साइटवर तुमचं चर्च कामाला आलं. तुमचं म्हणजे फ्रान्समधल्या त्या खेड्यातलं, जे तुम्ही नाशिकच्या आमच्या आर्किटेक्चर कॉलेजात जवळजवळ अख्खी टर्म शिकवलंत. तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी ही बातमी तुम्हाला सांगावीशी वाटली. नवरा लुसैलहून अजून यायचाय. कुकरच्या शिट्ट्यांकडे लक्ष ठेवायचं काम लेकीवर सोपवून मी इथे जेवणाच्या टेबलावर लिहायला बसलेय. समोर भिंतीवर त्या चर्चचा तुमचा नकाशा आहे, तो तुम्हीच दिलेला. मी कतारला निघाले तेव्हा तुम्ही तो वर्तमानपत्रात गुंडाळून, प्लंबरकडून मागून आणलेल्या प्लास्टिकच्या पाइपात घालून दिलात. विमानतळावर त्या पाइपाने माझी चांगली अर्धा तास चौकशी करवली होती, ते तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं.

मॅडम म्हटलेलं तुम्हाला खपत नसे. "शाळेत बाई होते, इथे आल्यावर काय शिंगं फुटली मला?" असं विचारायचात. पहिल्या तासाला तुम्ही तो नकाशा फळ्यावर टाचण्यांनी लावलात आणि आमच्याकडे वळून म्हणालात, "हे चर्च मी पाहिलेलं नाही. पाहीन असंही वाटत नाही. मी पाहिलाय तो हा कागद आणि चार फोटो. जे पाहिलं नाही ते पाहिलं म्हणायचं नाही, माझ्या वर्गात हा नियम आहे." मागच्या बाकावर कुणीतरी खुसखुसलं. न पाहिलेल्या इमारतीवर बाई टर्म काढणार, अशी कॉलेजभर चेष्टा झाली. स्टाफरूममध्येही होत असणार, आणि ते तुम्हाला ठाऊक असणार. अभ्यासक्रमातल्या मोठमोठ्या कॅथेड्रलांचा तुम्ही दोन तासांत निकाल लावलात. त्यांच्यामागे राजे होते, बिशप होते, तिथे काय बघायचं, असं तुमचं मत. हे मात्र गावाने बांधलेलं होतं, मिळेल तेव्हा, जमेल तसं.

मग तुम्ही ते आमच्यासमोर बांधून काढलंत. आपल्या देवळांचे शब्द वापरायचात, त्यामुळे लांबचं काही वाटलंच नाही. आधी पूर्वेकडचा गाभारा, बुटका, जाड भिंतींचा, गोल कमानींचा. मग गाव वाढलं, तसा पुढे मंडप धरला. पण तो बांधता बांधता पिढी बदलली आणि तऱ्हाही बदलली, म्हणून एका बाजूच्या कमानी गोल आणि समोरच्या टोकदार. वर दगडी छत घालायचा बेत होता. खांबांवरून दगडाच्या फासळ्या निघतातही, आणि थोडं वर जाऊन थांबतात. तिथे लढाई आली असेल किंवा साथ, तुम्ही म्हणायचात, पैसा संपला हे मात्र नक्की. छत शेवटी लाकडाचं झालं. मनोरा नातवंडांनी चढवला. आणि उत्तरेच्या भिंतीच्या कडेला, एक आत एक बाहेर, असे दातेरी दगड सोडलेले. तिथे पुढे आणखी एक दालन जोडायचं होतं, नवी भिंत जुनीत गुंतावी म्हणून ही सोय. ते दालन कधीच झालं नाही. "पण इतक्या पिढ्यांत कुणी ते दगड छाटलेही नाहीत," तुम्ही म्हणालात. "कदाचित आळस असेल. मला मात्र गाव मोठ्या मनाचं वाटतं."

परीक्षेत मी ती भिंत काढली आणि दगड गाळले. कागदावर ते गबाळे दिसत होते आणि माझी रेघ म्हणजे काय, सगळ्या वर्गात सुबक! तुम्ही माझा कागद उंच धरलात. "भिंतीची दाढी करायला तुला कुणी सांगितलं होतं गं?" वर्ग खो खो हसला. मी रडवेली झाले, तर तुम्ही मलाच तास संपल्यावर बसवून तेवढी कड पुन्हा काढायला लावलीत, आणि मी काढत असताना शेजारी बसून तुमच्या डब्यातली थालीपीठं मला खाऊ घातलीत. बोटांना तेल लागलं म्हणून पुन्हा ओरडलात ते वेगळं.

इथे सध्या सगळ्यांना एकच घाई आहे. फुटबॉलचा वर्ल्ड कप येतोय. रस्ते, मेट्रो, स्टेडियम, जिकडे पाहावं तिकडे क्रेन. लेकीच्या वर्गातल्या मुलांचे बाबा स्टेडियम बांधतात, तिची आई बांधते साधी शाळा, तीही अर्धीच. वर्गांची दुसरी ओळ पुढे कधीतरी, पैसे मंजूर झाल्यावर. त्या ओळीसाठी आम्ही शेवटच्या भिंतीतून सळया बाहेर काढून ठेवल्या आहेत. त्यांना पुढचं काम जोडता येतं. त्या छाटल्या, तर उद्या ओळ वाढवायची म्हणजे आधी बांधलेलं फोडायचं, आणि ते कुणी फोडणार नाही. ओळ खलास. आमचा प्रोजेक्ट मॅनेजर लेबनॉनचा आहे, मनाने चांगला, आवाजाने मोठा. आठवडाभर त्याचं एकच चाललं होतं, "गेस्ट्स विल पास ऑन धिस रोड. इट लुक्स अनफिनिश्ड. कट इट, खलास." भिंत गुळगुळीत करायची, रंग द्यायचा, झालं. निर्णय आजच्या मीटिंगमध्ये होणार होता. मला आठवलं ते तुमचं वाक्य. बाई, हा दाढी करायला निघालाय, असंच मी मनात म्हटलं.

सकाळी मी नकाशा भिंतीवरून उतरवताना लेक टोस्ट खात बघत होती. तिला मी तुमच्याबद्दल सांगितलं.

"शी नेव्हर वेंट देअर?"

"नाही गं."

"देन हाऊ डिड शी नो?"

"नीट बघितलं म्हणून. तू बघतेस तसं नाही, टीव्ही बघत टोस्ट खात."

"आई!" म्हणाली, पण नकाशाचं दुसरं टोक धरलं.

मीटिंगमध्ये मी तो टेबलावर पसरला. चहाचे कप कोपऱ्यांवर ठेवले. गाभारा, मंडप, थांबलेल्या फासळ्या, मनोरा, सगळं तुमच्या क्रमाने सांगितलं, आणि शेवटी बोट उत्तरेच्या भिंतीवर ठेवलं. म्हटलं, या गावाने दालन बांधलं नाही, पण पुढच्यांचं दारही बंद केलं नाही. आपण का करायचं? समुद्राची खारी हवा आहे, तर सळयांना सिमेंट फासू, वर कच्च्या काँक्रीटची पेटी करू, बाहेरून रंग देऊ. पुढे ज्याला हवं त्याने पेटी फोडावी. मॅनेजर बराच वेळ वाकून बघत होता. मग त्याने विचारलं, "हू टॉट यू धिस?" मी म्हटलं, माझ्या बाई. "अँड शी सॉ इट? ऑर ओन्ली पेपर?"

मी उत्तर दिलं. तो खुर्चीत मागे टेकला आणि आवाज न चढवता म्हणाला, "माय फादर्स हाऊस, ऑन द रूफ, सेम. आयर्न. फॉर माय फ्लोअर." त्याच्या गावी बाप गच्चीवर सळया सोडतो, मुलाने वर घर चढवावं म्हणून. त्याचं घर चढलंच नाही, तो इथे आला. आई अजून त्या सळयांना दोरी बांधून कपडे वाळत घालते म्हणे. मग टेबलावर थाप मारून उठला. "ओके. कव्हर देम. नाइसली. यल्ला!" म्हणजे चला, लागा कामाला.

दुपारी कारपेंटर पेटीचं माप घेत होते तेव्हा मी उन्हात उगाचच उभी राहिले. अभिमान वाटत होता, थोडा माझा आणि पुष्कळ तुमचा. ज्या वर्गाला लोक हसले, त्यातलं एक वाक्य इतक्या लांब येऊन एका शाळेला वाढायची जागा राखून गेलं. उद्या कुणी ती ओळ बांधेल, इन्शाल्ला, आणि त्याला आपण दोघी ठाऊक नसू. मला त्याचंही काही वाटत नाही. घरी येऊन लेकीला सगळं सांगितलं. तिने टाळी दिली आणि नकाशा पुन्हा भिंतीवर लावताना टाचा उंच करून वरच्या टाचण्या तिनेच मारल्या.

एक मात्र तिला सांगितलं नाही. "शी सॉ इट?" याला मी काय म्हटलं ते. खरं उत्तर मला पाठ होतं, पहिल्याच तासाचं. पण टेबलाभोवतीची सगळी माणसं माझ्याकडे बघत होती, आणि त्यांच्यासमोर तुम्ही तसूभरही कमी ठराव्यात हे मला सोसलं नसतं. मी म्हटलं, येस. शी वेंट देअर. शी पुट हर हँड ऑन दोज स्टोन्स. तुमच्या वर्गातला एकच नियम, तोही मोडला, आणि तुमच्याच नावाने. तुम्ही असतात तर कागद उंच धरला असतात. हे कुठे पाठवायचं नाही म्हणून सांगते बाई, बोलताना जीभ जराही अडखळली नाही. तुमचा खडूने माखलेला हात त्या दगडावर ठेवलेला मला स्पष्ट दिसत होता.