सरदारच्या लेकी

नवीन पनवेल, ७ जानेवारी

चि. चारुदत्तास अनेक आशीर्वाद.

फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. थोरल्या बहिणीला टाळायची तुझी सवय साठी उलटली तरी गेली नाही. माझे गुडघे कुरकुरतात, बाकी ठीक.

माधुरीनं सगळं सांगितलं. तुझी बायको म्हणून गप्प बसते, पण रडत होती. दयारामचं वासरू आंधळं जन्मलं, जगनचं उभंच राहिलं नाही. दोघांच्या गायी तुझ्या लाडक्या सरदार वळूच्या लेकी. तो मरून आठ वर्षं झाली आणि तू जपून ठेवलेल्या त्याच्याच गोठवलेल्या रेताच्या कांड्यांनी त्या भरल्यास. सगोत्र म्हणून पोटच्या लेकीचं, चारुताचं लग्न मोडलंस, आणि गोठ्यात बापालेकीची जोडी लावलीस?

शकूची गायही सरदारचीच लेक, त्याच्याच कांडीनं भरलेली, सातव्या महिन्यात आहे. त्या बाईकडे दुसरं काय आहे? तिला खरं सांग, म्हणजे वेळेवर डॉक्टर तरी बोलावेल. रागावू नकोस.

तुझी ताई,
वसुंधरा

गव्हाण, १५ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. गुडघ्यांना तेल लाव आणि गुरांचं माझ्यावर सोड. तीस वर्षं या गावच्या गायी मीच भरतो. चार लिटरवरून चौदा लिटरवर आणल्या त्या सरदारनंच. त्याचं रक्त पातळ होऊ नये म्हणूनच लेकींना तोच दिला. गुरांना कसलं गोत्र? या वर्षी खनिजं कमी पडली, इतकंच.

शकूला उगीच घाबरवायचं नाही, मी आहे. चारुता तुला फोन करते का? इकडे करत नाही.

माया असू द्यावी.
चारुदत्त

गव्हाण, २१ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

शकूची गाय गेली. वासराचे पाय आतच आखडले होते. शकूनं डॉक्टरला नाही, मला बोलावलं. जगन आणि मी तीन तास ओढत होतो. डॉक्टर आले तेव्हा दोन्ही जीव गेले होते. ताई, दयारामचं वासरू पाहिलं तेव्हाच मला कळलं होतं. तुला खनिजांचं लिहिलं ते खोटं.

काल शकूकडे कबूल करायला गेलो. तिनं ओटा झाडून बसायला गोणपाट घातलं. गावातलं कोणीच आलं नाही, एक मीच आलो म्हणाली. मग त्याच गाईची मागच्या वेताची कालवड सोडून पुढ्यात आणली. ती माजावर होती. म्हणाली, "भाऊ, हिला पन तुमीच भरा. सरदारचीच द्या, दुसरी नाय."

मी कांड्या संपल्या म्हणालो. नायट्रोजनच्या भांड्यात अजून अकरा आहेत. तिनं हात जोडले. कुठूनही आणा, पण त्याचीच आणा म्हणाली.

मी हो म्हणून परत आलो.

लोभ मागायला तोंड उरलेलं नाही.

तुझा,
चारुदत्त